परभाषेची निवड आणि बाबासाहेबांचे प्रश्न

पावसाळ्यात चिखलदऱ्याला ढग जमिनीपर्यंत उतरतात आणि दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. अशाच दिवसांत तेथील एका पाली अभ्यासवर्गात शिकविण्याचा योग मला आला होता. वर्ग संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. ती मेळघाटातीलच, बौद्ध कुटुंबातील होती आणि बी. ए. ला तिने पाली हा विषय घेतला होता. ती म्हणाली, "सर, घरी वऱ्हाडी, शेजारी कोरकू, शाळेत मराठी, मग हिंदी, इंग्रजी आणि आता पाली. पुढं परदेशी भाषा कोणती घेऊ? कोणी म्हणते जपानी घे, कोणी म्हणते जर्मन घे." मी म्हणालो, "बेटा, आधी इंग्रजी पक्की कर, मग पाहू."

ते उत्तर चुकीचे नव्हते. पण ते प्रश्न टाळणारे होते, हे मला उतरणीच्या वाटेवर परतवाड्याला पोहोचेपर्यंत जाणवू लागले. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती आहे. ती करताना मराठी भाषकांनी बौद्धविद्येसाठी भाषा कशा निवडल्या आणि त्या निवडींतून आपल्या हाती काय आले, याची चिकित्सा करणे अपरिहार्य आहे.

प्रचलित उत्तरे

आपल्याकडे विद्यार्थ्याला या प्रश्नाची साधारणतः तीन उत्तरे मिळतात. पहिले उपजीविकेचे: ज्या देशाच्या कंपन्या येथे येतात त्या देशाची भाषा शिकावी. दुसरे शिष्यवृत्तीचे: ज्या देशाकडून विद्यावेतन मिळण्याचा संभव आहे त्याची भाषा शिकावी. तिसरे समाधानाचे: सर्व काही इंग्रजीत आलेले आहे, तेव्हा तेवढी पुरे.

पहिली दोन उत्तरे हीन मानण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी पहिल्यांदाच पदवी येत आहे त्याला पोटाचा विचार करू नको असे सांगणे हा ढोंगीपणा होईल. परंतु ती दोन्ही उत्तरे विद्यार्थ्याने काय शोधावे हे दुसऱ्या कोणाच्या सोयीवर सोपवितात. तिसरे उत्तर त्याहून अधिक धोक्याचे आहे. कारण ते शोधच संपला असे सांगते.

भाषेची निवड दुसऱ्याने करणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शालेय वयात बाबासाहेबांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतःच्या परिश्रमाने शिकले. लंडनमध्ये शिकत असताना १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाला पत्र लिहिले ते जर्मन भाषेत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांसाठी जे काम केले, ते महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदीतही आहेत. राज्यघटना, मंत्रिपद आणि ढासळती प्रकृती यांच्या काळातील हा माणूस शब्दकोशाच्या कामाला हात घालतो, यामागे एक स्पष्ट भूमिका आहे. ज्या ग्रंथावर आपण उभे राहणार, तो आपल्याला आपल्या डोळ्यांनी वाचता आला पाहिजे.

चार प्रश्नांचा भाषिक अर्थ

'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत, ते आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत की नंतरच्या भिक्खूंची भर? आत्मा नाकारून कर्म आणि पुनर्जन्म कसे मान्य करावयाचे? आणि भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य की समाजसेवक?

आपल्या नियतकालिकांत या प्रश्नांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतांश लेखन एक तर प्रश्नांचे समर्थन करते किंवा आक्षेपकांना उत्तर देते. प्रश्न पुढे नेणारे लेखन त्यामानाने थोडे आहे. याचे कारण बुद्धीचा अभाव नव्हे. पहिले दोन प्रश्न ग्रंथांच्या थरांविषयीचे आहेत. कोणता भाग आधीचा आणि कोणता नंतरचा, हे एकाच परंपरेचे ग्रंथ वाचून ठरत नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो. पाली निकायांना असा साक्षीदार आहे. चार आगम चिनी भाषेत अनुवादित झालेले आहेत. त्यांपैकी मध्यमागमाचा अनुवाद चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि दीर्घागमाचा इ. स. ४१३ च्या सुमारास पूर्ण झाला. निरनिराळ्या निकायांचे विनयही चिनीत आहेत, आणि मूलसर्वास्तिवादी विनय तिबेटीत विस्ताराने उपलब्ध आहे. धम्मचक्रप्रवर्तनाचा वृत्तान्त पालीबरोबरच संस्कृत, तिबेटी आणि चिनी या भाषांत एकाहून अधिक रूपांत मिळतो. दुसऱ्या प्रश्नाचे काम करावयाचे तर हे वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवावे लागतात. आंद्रे बारो या फ्रेंच विद्वानाने १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत बुद्धचरित्राचे थर याच रीतीने तपासले. त्यांचे निष्कर्ष आपल्याला पटोत वा न पटोत, ते तपासण्याची भाषिक साधने आज आपल्याजवळ नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

एक सुत्त, तीन वाचक

हा मुद्दा केवळ तत्त्वाचा नाही, हे एका उदाहरणाने दाखविता येईल. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात अत्तदण्डसुत्त आहे. त्यात बुद्ध आपल्या मनात संवेग कसा उत्पन्न झाला ते सांगतात. माणसे परस्परांशी वैर करतात आणि आटत चाललेल्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडतात, हे पाहून त्यांना भय वाटले, असा त्याचा आशय आहे.

धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या १९४०-४१ च्या ग्रंथात गृहत्यागाची मीमांसा करताना या सुत्ताला महत्त्व दिले. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला या कथेपेक्षा शाक्य-कोलियांच्या कलहाचे कारण त्यांना अधिक विश्वसनीय वाटले. कोसंबी या सुत्तापर्यंत कसे पोहोचले, हे त्यांच्या 'निवेदन' या १९२४ च्या आत्मवृत्तात दिसते. गोव्यातून निघालेला हा तरुण संस्कृतसाठी पुणे आणि काशी येथे गेला; पाली शिकविणारा येथे मिळेना म्हणून १९०२ साली सिंहलद्वीपातील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे दाखल झाला आणि तेथून ब्रह्मदेशात गेला. पाली ग्रंथ ज्या लिपीत असेल ती लिपी तो शिकला. 'निवेदन' हे भाषानिवडीचे पुस्तक म्हणून कोणी वाचत नाही. पण ते तसे वाचावे. त्यातील प्रत्येक प्रवास एका ग्रंथाच्या शोधातून निघालेला आहे. वेतन आणि मान हे मागाहून आले.

बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्याचा कलह गृहत्यागाच्या आधी ठेवला, आणि शाक्य संघातील मतदान व सिद्धार्थाचा युद्धास विरोध यांतून एक नैतिक निर्णय उभा केला. येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाली अट्ठकथा अत्तदण्डसुत्ताचा संबंध याच पाण्याच्या भांडणाशी जोडते. परंतु तिच्या मते हा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा असून तो बुद्धांनी मध्यस्थी करून मिटविला. आक्षेपक नेमके येथेच बोट ठेवतात.

आता तिसरा वाचक पाहू. पुण्याचे पु. वि. बापट यांनी १९२४ साली सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती काढली. मधल्या काळात त्यांनी चिनी आणि तिबेटी या भाषा आत्मसात केल्या. १९५१ साली त्यांनी 'अर्थपद सूत्र' प्रसिद्ध केले. हा अट्ठकवग्गाशी समांतर असलेल्या चिनी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद होय. मूळ चिनी भाषांतर तिसऱ्या शतकातील आहे. या चिनी ग्रंथात अत्तदण्डाच्या गाथा शेवटच्या सोळाव्या सूत्रात येतात, पण त्यांच्याभोवतीची कथा पाण्याच्या भांडणाची नाही. ती आहे राजा विरूढकाने केलेल्या शाक्यांच्या संहाराची.

याचा अर्थ काय होतो? गाथा दोन्ही परंपरांत आहेत, म्हणजे त्या जुन्या आहेत. कथा दोन्हीकडे निरनिराळ्या आहेत, म्हणजे त्या गाथांना नंतर जोडल्या गेल्या असण्याचा संभव मोठा आहे. मग अट्ठकथेने दिलेला प्रसंग आणि त्याचा काळ यांना अंतिम प्रमाण मानण्याचे बंधन राहत नाही. राहते ती गाथांतील बुद्धांची स्वतःची साक्ष: माणसामाणसांतील हिंसा पाहून आलेला उद्वेग. रोहिणीचा कलह गृहत्यागापूर्वी घडला हे यातून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. परंतु गृहत्यागाचे कारण सामाजिक कलहात शोधण्याची कोसंबींची व बाबासाहेबांची दिशा निराधार नव्हती, एवढे निश्चित सांगता येते. हे सांगण्याचे बळ चिनी भाषेतून आले.

बापटांच्या कामाची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. त्यांचा हा अनुवाद इंग्रजीत आहे. 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांची १९३७ ची त्यांची सुप्रसिद्ध तुलनाही इंग्रजीतच आहे. कोसंबींनी जे मिळविले ते मराठीत आणून टाकले, म्हणून ते विहारांच्या कपाटांपर्यंत पोहोचले. बापटांनी चिनीतून जे मिळविले ते मराठी वाचकाच्या दारापर्यंत फारसे आले नाही. परभाषा शिकणाऱ्याने परत कोणत्या भाषेत यावयाचे, हा निवडीचाच उत्तरार्ध आहे.

विदर्भाचा नागार्जुन आणि चौथ्या हातचा वसुबंधू

वऱ्हाडातील विद्यार्थ्याला आणखी एक जवळचे उदाहरण देता येईल. आचार्य नागार्जुन विदर्भाचे होते, असे आपण अभिमानाने सांगतो. या विधानाचा आधार मुख्यतः तिबेटी इतिहासपरंपरेत आहे. चौदाव्या शतकातील बुस्तोनने ते नोंदविले आहे. कुमारजीवाच्या नावावर असलेले चिनी चरित्र मात्र नुसते दक्षिण भारत म्हणते, आणि ह्युएनत्संग त्यांचा संबंध कोसल म्हणजे दक्षिण कोसल देशाशी जोडतो. दोन भाषा आणि तीन साक्षी आहेत. ज्याला यांपैकी एकही भाषा येत नाही त्याचा अभिमान उसना राहतो. नागार्जुनांची 'शून्यतासप्तती' समग्र रूपात तिबेटी अनुवादातच हाती येते. 'सुहृल्लेख' हे राजाला लिहिलेले पत्र तिबेटीत आहे आणि चिनीत त्याचे तीन अनुवाद आहेत. विदर्भाच्या आचार्यांना वाचण्यासाठी विदर्भाच्या विद्यार्थ्याला हिमालयापलीकडची भाषा शिकावी लागते. इतिहासाने घडवून आणलेली ही विपरीत स्थिती आहे आणि तिचा स्वीकार करूनच पुढे जावे लागेल.

"इंग्रजीत सर्व आलेले आहे" या उत्तराचे परीक्षण वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'वरून करता येईल. त्याचा प्रचलित इंग्रजी अनुवाद १९८८ ते १९९० या काळात निघाला. तो ला वाले पूसँ यांच्या १९२३ ते १९३१ मधील फ्रेंच अनुवादावरून केलेला आहे, आणि तो फ्रेंच अनुवाद मुख्यतः ह्युएनत्संगाच्या चिनी भाषांतरावर आधारलेला आहे. म्हणजे संस्कृत, चिनी, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चौथ्या हाताने वसुबंधू आपल्यापर्यंत येतो. दरम्यान राहुल सांकृत्यायनांनी तिबेटमधील विहारांतून मूळ संस्कृत पोथ्यांची छायाचित्रे आणली. त्यांवरून १९४६ साली कारिकांचे संपादन केले ते पुण्याच्या वा. वि. गोखले यांनी, भाष्य १९६७ साली प्रल्हाद प्रधान यांनी संपादिले. गोखल्यांची १९३० ची बॉन येथील पदवी एका चिनी ग्रंथाच्या जर्मन अनुवादावर होती. जर्मन त्यांच्यासाठी चिनीपर्यंत जाणारी वाट होती.

यावरून युरोपीय भाषांचे स्थान ठरते. फ्रेंच आणि जर्मन या बौद्धविद्येच्या आधारभाषा आहेत. त्यांत ग्रंथांवरील विचार आहे. पाली, संस्कृत, चिनी आणि तिबेटी या मूळ साक्षीच्या भाषा आहेत. त्यांत ग्रंथ आहेत. जपानी या दोहोंच्या मध्ये उभी आहे. १९२४ ते १९३४ या काळात चिनी त्रिपिटकाची तैशो आवृत्ती जपानने काढली आणि तिच्यावरील संशोधनाचा मोठा भाग जपानीत आहे. म्हणून जपानी उपयुक्त आहे. पण चिनी ग्रंथ ज्याला वाचावयाचा नाही त्याला तिचा बौद्धविद्येतील उपयोग अर्धाच राहील.

मेळघाटातील काही वास्तव

तिबेटी आणि चिनी यांतून निवड करावयाची झाल्यास? तिबेटी लिपी भारतीय लिपीपासून घडलेली असून तिची वर्णमाला 'क ख ग' अशीच सुरू होते. देवनागरी जाणणाऱ्याला ती थोड्या आठवड्यांत वाचता येते. नवव्या शतकाच्या आरंभी 'महाव्युत्पत्ति' या कोशाने संस्कृत संज्ञांचे तिबेटी प्रतिशब्द निश्चित केले, त्यामुळे मूळ संस्कृताचा अंदाज बांधणे सुकर होते. सारनाथ येथे १९६७ पासून तिबेटी उच्च अध्ययनाची संस्था आहे. आणि विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. जी भाषा आपण ल्हासाची समजतो ती आपल्या विभागात बोलली जाते. आपण तेथे जाऊन किती वेळा बसलो?

चिनीची साक्ष तिबेटीपेक्षा कित्येक शतके जुनी आहे. परंतु तिला वेळ अधिक लागतो आणि आज बोलली जाणारी चिनी शिकून कुमारजीवाची चिनी आपोआप येत नाही. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीन भवन आहे. चिनी त्रिपिटक आता संगणकावर विनामूल्य वाचता येते. ग्रंथ नाही ही सबब संपली आहे. आता वाचक नाही एवढीच सबब शिल्लक आहे.

येथे त्या विद्यार्थिनीच्या यादीतील एक भाषा पुन्हा पाहिली पाहिजे. तिने कोरकू मधेच, जणू ओशाळून, सांगितली होती. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक भाषकांची नोंद असलेली ही भाषा मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातील आहे. मराठी, हिंदी किंवा गोंडी यांच्याशी तिचे कुळ जुळत नाही. ते जुळते ब्रह्मदेशातील मोन, कंबोडियातील ख्मेर आणि व्हिएतनामी यांच्याशी. कोरकूत माशाला 'काकू' म्हणतात. मोन भाषेत मासा म्हणजे 'क', व्हिएतनामीत 'का'. मोन लोक हे आग्नेय आशियातील थेरवादाचे जुने वाहक होत. यावरून कोरकू कधीकाळी बौद्ध होते असा तर्क कोणी काढू नये. भाषेचे कुळ आणि धम्माचा इतिहास या स्वतंत्र गोष्टी आहेत. परंतु मोन किंवा ख्मेर शिलालेख शिकू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला मेळघाटात लहानपणी ऐकलेली भाषा ही पुण्यामुंबईत न मिळणारी शिदोरी आहे. आपण तिला भाषांच्या यादीत धरत नाही, हा आपल्या दृष्टीचा दोष आहे. ज्यांची भाषा एकेकाळी गावंढळ ठरविली गेली, त्यांनी तरी शेजाऱ्याच्या भाषेला तसे मानू नये.

दुरुस्त उत्तर

तेव्हा त्या विद्यार्थिनीला आज मी असे सांगेन. प्रथम पाली, आणि ती परित्राणपाठापुरती नव्हे, तर अट्ठकथा वाचण्याइतकी. तिच्याबरोबर संस्कृत. ही भाषा आपल्याला नाकारली गेली होती म्हणून आपणही तिला नाकारणे हे नाकारणाऱ्यांचेच काम पूर्ण करणे होय; बाबासाहेबांनी तसे केले नाही. त्यानंतर भाषा निवडण्याआधी प्रश्न निवड. थरांचा आणि बुद्धचरित्राचा प्रश्न असेल तर चिनी, आणि आधाराला फ्रेंच. नागार्जुन किंवा धर्मकीर्ती असतील तर तिबेटी, आणि आधाराला जर्मन. थेरवादाचा समाजातील इतिहास असेल तर सिंहली, बर्मी किंवा मोन. उपजीविकेसाठी दुसरी भाषा घ्यावी लागली तर निःसंकोच घ्यावी. तिला शोधाची भाषा मात्र समजू नये. एक मूळ साक्षीची भाषा आणि एक आधारभाषा एवढे एका विद्यार्थ्याला पुरे आहे. चार भाषांची धुळाक्षरे गिरविणाऱ्याला एकही ग्रंथ वाचता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा भार एकट्या विद्यार्थ्याचा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने पाली आणि मराठी यांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आपण आनंद व्यक्त केला. तो योग्यच होता. पण दर्जा दिल्याने वाचक निर्माण होत नाहीत. आपल्या विहारांनी आणि अभ्यासकेंद्रांनी एकत्र बसून भाषा वाटून घ्याव्यात. एका जिल्ह्याने पाच-सात वर्षांत चिनी वाचणारा एक आणि तिबेटी वाचणारा एक अभ्यासक उभा करावा, त्याच्या निवासाचा व पुस्तकांचा भार उचलावा, आणि त्याच्याकडून एकच अट घ्यावी: जे सापडेल ते त्याने मराठीत लिहावे. वर्षावासात एखादा ग्रंथ वाचण्याची परंपरा आपण जपली आहे. त्या ग्रंथाची दुसरी साक्ष वाचून दाखविणारा कोणी त्या सभेत बसलेला असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

चिखलदऱ्याच्या त्या वर्गात मी अत्तदण्डसुत्त शिकवीत होतो. आटत्या पाण्यातील माशांची उपमा समजावून सांगावी म्हणून मी थांबलो, तेव्हा त्या मुलीने मान हलविली. मेळघाटातील नद्यांचे उन्हाळ्यातील डोह तिने पाहिलेले होते. माझ्या स्पष्टीकरणाची तिला गरज नव्हती. उपमा तिला कळली होती. तिच्या भोवतीची कथा कोणती खरी, हे शोधण्याची साधने तिच्या हाती देणे एवढेच आपले काम उरले आहे.